दोन घरं, एक नेटवर्क : गावचं घर जोडायला कोणतं व्हीपीएन घ्यावं?

मागच्या गणपतीत देवरुखला आईबाबांकडे गेले होते. दुपारी सगळे पेंगत होते, मी ओटीवर बसून मोबाइल चाळत होते. सहज मनात आलं, बाबांचा कॅमेऱ्याचा डीव्हीआर बाहेरून दिसतो का बघू. वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला, ब्राउझरमध्ये घराचा आयपी ॲड्रेस आणि पोर्ट नंबर टाकला. दोन सेकंदांत लॉगिनचं पान समोर! युजरनेम ॲडमिन, पासवर्ड १२३४५६. एंटर दाबलं आणि मी बसले होते त्याच ओटीचं चित्र मला माझ्याच मोबाइलवर दिसलं.

कॅमेरे बसवणाऱ्यानं चार वर्षांपूर्वी 'पुण्याहून ताईंना बघता यावं' म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलं होतं. म्हणजे मला बघता यावं म्हणून साऱ्या जगाला दार उघडं. पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी याच क्षेत्रात काम करते!

हे किती धोक्याचं आहे? २०१६ साली 'मिराई' नावाच्या बॉटनेटनं असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधले. कंपनीतून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली, आणि त्यांच्या जोरावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'डिन' या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येक तास अडखळत होत्या. कोणी बसून तुमचं घर शोधत नाही. प्रोग्रॅम एकेक आयपी ॲड्रेस ठोठावत सुटतो, उघडं दार सापडलं की आत.

मी ते पोर्ट तिथल्या तिथे बंद केलं, पासवर्ड बदलला. पण मग मला पुण्याहून कॅमेरा दिसणार कसा? या प्रश्नाचं उत्तर आहे व्हीपीएन. मात्र 'कोणतं व्हीपीएन' हे ठरवायला मला पुढचे दोन महिने लागले. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी एक गोंधळ दूर करू

व्हीपीएन म्हटलं की बऱ्याच जणांना यूट्यूबवरच्या जाहिराती आठवतात. 'दुसऱ्या देशातून आहात असं दाखवा, तिथले सिनेमे बघा' वगैरे. त्या सेवेत तुमचा मोबाइल त्या कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो आणि तिथून पुढे इंटरनेटवर जातो. भारतात सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर काहींनी इथले सर्व्हर हलवले, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

आपल्याला हवं ते वेगळं आहे. आपल्याला फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जायचंय, मधे कोणाला डोकावता येणार नाही अशा बोगद्यातून. दोन्ही टोकं आपलीच. त्यामुळे जाहिरातीतल्या व्हीपीएनचं वर्षाचं पॅकेज घेऊन हे काम होणार नाही. प्ले स्टोअरवरची कोणती तरी फुकट व्हीपीएन ॲप तर या कामासाठी बिलकुल नकोत.

मला नेमकं काय हवं होतं?

सॉफ्टवेअरची नावं बघण्याआधी कागदावर गरज लिहा. माझी यादी अशी होती :

१. देवरुखच्या घराचे फाटकावरचे दोन कॅमेरे पुण्याहून बघता यावेत.
२. बाबांच्या कॉम्प्युटरवरचे फोटो रोज रात्री पुण्यातल्या डिस्कवर कॉपी व्हावेत. चाळीस वर्षांचे फोटो त्यांनी स्कॅन करून ठेवलेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.
३. 'प्रिंटर चालत नाही गं' असा फोन आला की इथून बघता यावं.
४. बिघडलं तर आईला फोनवर सांगून दुरुस्त व्हावं.

चौथी अट साधी वाटेल, पण शेवटी निर्णय तिच्यावरच झाला. पुण्याहून देवरुख म्हणजे सहा-सात तासांचा प्रवास. व्हीपीएन बंद पडलं तर मी काही लगेच गाडीत बसणार नाही. तिथे आहेत सत्तरी ओलांडलेले दोघं. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारला : वीज जाऊन आली की हे आपोआप परत उभं राहतं का, आणि नाही राहिलं तर 'त्या छोट्या डबीची पिन काढून परत लाव' एवढ्यावर भागतं का?

जाता जाता एक सांगते. तुमच्या यादीत फक्त दुसरा मुद्दा असेल, म्हणजे फायली दोन ठिकाणी ठेवायच्या असतील, तर व्हीपीएनची गरजच नाही. 'सिंकथिंग' नावाचं मोफत सॉफ्टवेअर दोन कॉम्प्युटरमधली फोल्डरं थेट जुळवून ठेवतं.

पहिली तपासणी : तुमच्या घराला स्वतःचा पत्ता आहे का?

मी आधी ठरवलं होतं की वायरगार्ड टाकू, झालं काम. पण दिवाळीच्या आधी बाबांनी जुनं कनेक्शन सोडून गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं आणि माझा सगळा बेत फसला. कारण सीजी-नॅट.

आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते आहेत जेमतेम ४२९ कोटी. आपल्या एकट्या देशाचीच लोकसंख्या १४० कोटींच्या वर, आणि दरडोई मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप वेगळे. पत्ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते. मोठ्या सोसायटीच्या गेटवरच्या एकाच टपालपेटीसारखं समजा. तुम्ही पत्र पाठवू शकता, आणि त्याचं उत्तरही वॉचमन बरोबर तुमच्या घरी आणून देतो. पण बाहेरून कोणी अनोळखी पत्र आलं आणि त्यावर फ्लॅट नंबर नसला, तर ते कोणाचं हे वॉचमनला कळत नाही. तसंच इथे. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी उपयोग शून्य.

तुमच्याकडे काय आहे हे पाच मिनिटांत कळतं. राउटरच्या पानावर जा, तिथे 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली आयपी ॲड्रेस दिसेल. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तो सीजी-नॅट. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी बहुतेक वेळा अर्थ तोच. मात्र १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. कंपनीनं दिलेल्या डब्याच्या मागे तुम्ही आपला राउटर लावला असेल आणि दोघंही नॅट करत असतील.

सीजी-नॅट निघालं तर काय? रस्ते तीन आहेत.

पहिला, कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागायचा. बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे घेऊन देतात, काही फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात. आमच्या केबलवाल्यानं 'मॅडम, ते काय असतं' असं विचारलं, तिथे मी विषय सोडला.

दुसरा, आयपीव्ही६. यात पत्त्यांचा तुटवडाच नाही, आणि त्याचा वापर सर्वात जास्त असलेल्या देशांमध्ये भारत मोडतो. पण दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं, राउटरच्या फायरवॉलमध्ये येणाऱ्या जोडणीला परवानगी द्यावी लागते, आणि पत्ता अधूनमधून बदलू शकतो. जमणाऱ्यांना जमतं.

तिसरा, दोन्ही घरांनी बाहेरच्या एखाद्या मध्यस्थाकडे जाऊन एकमेकांशी ओळख करून घ्यायची. पुढे येणारी बरीच सॉफ्टवेअर हेच करतात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी मला उशिरा कळली : सार्वजनिक पत्ता दोनपैकी एकाच घराला असला तरी पुरतं. गावाकडे सीजी-नॅट आहे पण पुण्यात नाही, तर गावच्या डबीनं पुण्याला 'फोन लावायचा'. एकदा जोडणी झाली की वाहतूक दोन्ही दिशांनी होते. माझ्या नशिबाला दोन्हीकडे सीजी-नॅट.

दुसरी तपासणी : दोन्ही घरांचे आतले पत्ते सारखे तर नाहीत?

हा खड्डा मी स्वतः पडून बघितलेला आहे. बहुतेक राउटर घरात १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ही मालिका वापरतात. माझ्या पुण्याच्या घरात १९२.१६८.१, देवरुखलाही तेच. आता मी लॅपटॉपवर १९२.१६८.१.२० म्हटलं तर तो पुण्यातला टीव्ही की देवरुखचा डीव्हीआर? लॅपटॉप बिचारा नेहमी आपल्याच घरात शोधणार. व्हीपीएन उत्तम चालू, हिरवा दिवा लागलेला, आणि समोर काहीच दिसत नाही. मी एक अख्खा रविवार सॉफ्टवेअरला दोष देण्यात घालवला.

उपाय सोपा. एका घराची मालिका बदला. मी देवरुखची १९२.१६८.४१ केली. आकडा कोणताही चालेल, फक्त ० आणि १ नको, म्हणजे पुढे कधी नातेवाइकांच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर बसलात तरी टक्कर होणार नाही.

पण सावधान! हे काम त्या घरात बसूनच करा. डीव्हीआर आणि प्रिंटरला कोणी हातानं पत्ता दिलेला असतो, आणि मालिका बदलली की ते जुन्या पत्त्यावरच बसून राहतात. आमचा डीव्हीआर असाच गायब झाला. मी तिथेच होते म्हणून टीव्हीला जोडून, माउसनं सेटिंग बदलून आणला. पुण्याहून केलं असतं तर पुढच्या फेरीपर्यंत कॅमेरे बंद.

आता उमेदवार बघू

राउटरमधलं तयार व्हीपीएन. अनेक राउटरच्या मेनूत व्हीपीएन सर्व्हरचा पर्याय असतो. आत ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड असेल तर छान, वेगळी डबी लागत नाही. फक्त पीपीटीपी असेल तर हात लावू नका. ते जुनं झालं आणि त्याची सुरक्षा कधीच मोडली गेली आहे. एल२टीपी असेल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइड १२ पासून मोबाइलच्या सेटिंगमध्ये एल२टीपी आणि पीपीटीपी दोन्हींची नवी जोडणी बनवता येत नाही.

ओपनव्हीपीएन. २००१ पासूनचं, मुरलेलं. एरवी ते यूडीपीवर चालतं, पण गरज पडली तर टीसीपीच्या ४४३ पोर्टवरही चालवता येतं. त्यामुळे ऑफिस किंवा हॉटेलच्या कडक वायफायमधूनही बहुतेकदा बाहेर पडता येतं. उलट बाजू म्हणजे सर्टिफिकेटं बनवा, सांभाळा, मुदत संपली की नवी काढा. छोट्या राउटरवर वेगही बराच उतरतो. आणि एका टोकाला सार्वजनिक पत्ता हवाच.

वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं. मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ सोबत थेट लिनक्सच्या पोटात गेलं. मूळ कोड साधारण चार हजार ओळींचा, म्हणजे तपासणाऱ्याला तपासता येण्यासारखा. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची एक जोडी असते, एक गुप्त ठेवायची, एक समोरच्याला द्यायची. किल्ली जुळली नाही तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही. वेग उत्तम, मोबाइलची बॅटरीही फार खात नाही. एका घराला सार्वजनिक पत्ता असेल तर माझी पहिली शिफारस हीच. सीजी-नॅटमागच्या टोकाला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, म्हणजे रस्ता मोकळा राहतो. आणि पत्ता बदलता असेल तर डकडीएनएससारखी डायनॅमिक डीएनएस सेवा जोडा.

वायरगार्ड आणि भाड्याचा छोटा सर्व्हर. दोन्हीकडे सीजी-नॅट असेल तर एक छोटा व्हीपीएस भाड्यानं घ्यायचा आणि दोन्ही घरं त्याला जोडायची. सगळं आपल्या हातात राहतं. पण दरमहा भाडं आलं, आणि तो सर्व्हर अपडेट करत राहायची जबाबदारीही आली. सर्व्हर निवडताना तो आपल्या जवळचा बघा. युरोपातला स्वस्त मिळाला तरी देवरुखचं चित्र युरोपला वळसा घालून पुण्याला येणार.

टेलस्केल. आतमध्ये वायरगार्डच, पण किल्ल्यांची देवाणघेवाण आणि एकमेकांना शोधणं हे काम त्यांचा सर्व्हर करतो. दोन्ही घरं आधी त्या सर्व्हरशी बोलतात, मग तो दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो आणि बहुतेक वेळा त्यांची थेट जोडणी होते. नाहीच झाली तर त्यांच्या रिले सर्व्हरमार्गे वाहतूक होते. तेव्हा वेग कमी होतो, पण मजकूर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंदच राहतो, रिलेला आतलं वाचता येत नाही. सीजी-नॅट असो वा नसो, चालतं. वैयक्तिक वापरासाठी फुकट प्लॅन आहे, त्याच्या मर्यादा बदलत असतात, त्या आधी वाचून घ्या.

झिरोटियर. काम साधारण तसंच, पण पद्धत वेगळी. हे दूरच्या उपकरणांना जणू एकाच स्विचला जोडल्यासारखं करतं. १६ अक्षरांचा नेटवर्क क्रमांक टाकायचा, आणि मालकानं परवानगी द्यायची. एकाच नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधणारे जुने खेळ किंवा सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे जास्त सोयीचं.

हेडस्केल आणि नेटबर्ड. ज्यांना मध्यस्थसुद्धा स्वतःचाच हवा त्यांच्यासाठी. हेडस्केल हा टेलस्केलच्या सर्व्हरला मुक्त स्रोतातला पर्याय आहे. नेटबर्डही वायरगार्डवर बेतलेलं आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. पण मग सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर पुन्हा आलाच.

मी काय निवडलं आणि का

मनातून मला भाड्याचा सर्व्हर आणि वायरगार्ड हवं होतं. तांत्रिक माणसाला सगळं आपल्या हातात लागतं. पण चौथी अट आठवली. मी आजारी असताना किंवा परगावी असताना तो सर्व्हर पडला, तर देवरुखला पिन काढून काही होणार नाही. म्हणून मी टेलस्केल घेतलं.

यात मी एक गोष्ट सोडून दिली, ती उघडपणे सांगते. कोणतं उपकरण माझ्या नेटवर्कमध्ये आहे हे ठरवणारा सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा आहे. मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण ओळख पटवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. त्यासाठी त्यांच्याच 'टेलनेट लॉक' या सोयीनं नवीन उपकरणाला तुमच्या जुन्या उपकरणाची सही लागते असं करता येतं. शिवाय लॉगिन गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा खात्यानं होतं. म्हणजे ते खाते हीच घराची मुख्य किल्ली. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावली नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

जोडणी अशी केली. देवरुखला राउटरच्या शेजारी एक रास्पबेरी पाय, लॅनच्या वायरनं जोडलेला, वायफायवर नाही. पाचेक वॅट खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट वीज. त्यावर टेलस्केल टाकून त्याला 'सबनेट राउटर' केला, म्हणजे १९२.१६८.४१ मालिकेचा दरवाजा. डीव्हीआर आणि प्रिंटरवर काही टाकता येत नाही, त्यांच्यापर्यंत हाच नेतो. यात चार गोष्टी विसरायच्या नाहीत :

पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा. नाहीतर पाहुणा दारातच उभा.

टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन त्या मालिकेला मंजुरी द्या. पायनं नुसती घोषणा करून भागत नाही.

पुण्याकडचं उपकरण लिनक्स असेल तर दुसऱ्याचे रस्ते स्वीकारण्याचा पर्याय हातानं चालू करावा लागतो. मोबाइल आणि विंडोजवर तो आधीच चालू असतो.

पायच्या किल्लीची मुदत बंद करा. टेलस्केलमध्ये ती सुरुवातीला १८० दिवसांची असते, मग पुन्हा लॉगिन करावं लागतं. आपल्या हातातल्या मोबाइलसाठी हे चांगलंच आहे. पण देवरुखला कपाटावर ठेवलेल्या डबीसाठी लॉगिन कोण करणार?

माझ्या मोबाइल आणि लॅपटॉपवर ॲप आहे, त्यामुळे एवढ्यावर काम झालं. पुण्यातल्या टीव्हीवरूनही कॅमेरा बघायचा असेल, तर पुण्यातही असाच एक पाय ठेवून, पुण्याच्या राउटरमध्ये '१९२.१६८.४१ कडे जायचं तर या पायकडे जा' असा स्टॅटिक रूट द्यावा लागतो. सगळ्या राउटरमध्ये ही सोय नसते, आधी बघून घ्या.

वेगाचं गणित

व्हीपीएन कोणतंही घ्या, वेग ठरतो तो पाठवणाऱ्या घराच्या अपलोडवर. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. देवरुखला अपलोड मिळतो ३० एमबीपीएस. १ जीबी म्हणजे साधारण ८००० मेगाबिट, भागिले ३०, म्हणजे साडेचार मिनिटं. बाबांचे फोटो ४०० जीबी. जवळपास तीस तास, तेही एकदाही न तुटता! म्हणून पहिली प्रत मी हार्ड डिस्कवर घेतली आणि एसटीनं मांडीवर ठेवून पुण्याला आणली. आता रोज रात्री दोन वाजता फक्त नवीन फोटो येतात, दहा मिनिटांत काम उरकतं.

निघण्यापूर्वी हे तपासा

चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून करा. घरच्याच वायफायवर बसून 'चालतंय चालतंय' म्हणणं हा सगळ्यात मोठा फसवा आनंद.

मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. काहीही न करता सगळं परत आलं तरच ते तयार समजा. राउटर, पाय आणि डीव्हीआर तिन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर हवेत.

जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढलं का ते पुन्हा बघा, राउटरमधलं यूपीएनपीही बंद करा. नवं दार बसवून जुनं उघडंच ठेवणारे मी पाहिलेत.

डबीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. आमच्या पायवर लिहिलंय : 'नेट नसेल तर ही पिन काढून १ मिनिटानं लावणे.'

थोडक्यात

एका घराला सार्वजनिक पत्ता आहे आणि थोडं शिकायची तयारी आहे : वायरगार्ड.
चांगला राउटर आहे आणि वेगळी डबी नकोय : राउटरमधलं वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन.
दोन्हीकडे सीजी-नॅट आहे, तिकडे तांत्रिक माणूस नाही : टेलस्केल किंवा झिरोटियर.
दोन्हीकडे सीजी-नॅट, पण मध्यस्थ स्वतःचाच हवा : भाड्याचा सर्व्हर, त्यावर वायरगार्ड, हेडस्केल किंवा नेटबर्ड.
फक्त फायली जुळवायच्यात : सिंकथिंग, व्हीपीएन नको.

आणि शेवटचं, जे कुठल्याही मेनूत सापडणार नाही. सगळं जोडून झाल्यावर मी बाबांना उत्साहानं म्हटलं, "आता स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीतही कॅमेरे लावू, मला तुमची काळजी राहणार नाही." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, आम्ही घरात राहतो, दुकानात नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरे फाटकावरच राहिले. कोणते कॅमेरे मला दिसतात हे मी दोघांना दाखवलं, आणि मुख्य म्हणजे ते बंद कसे करायचे तेही. परक्यांसाठी दार बंद करायला निघालो आपण, तर घरच्यांनाही आपल्यासाठी दार लावता आलं पाहिजे.

जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात देवरुखची वीज पाच तास गेली, यूपीएसनंही मान टाकली. सकाळी कॅमेरा दिसेना म्हणून मी फोन उचलला, तोवर आईचाच आला : "चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे पिन काढून लावली. दिसतंय का बघ." दिसत होतं. फाटकावर जास्वंदीची फांदी मोडून पडली होती आणि बाबा छत्री घेऊन ती बाजूला करत होते.